बाबूजींचा नेम

बाबूजी उकिडवे बसले, पायवाटेवरची एक लेंडी उचलली आणि दोन बोटांत दाबून फोडली. आतलं नखानं उकरून पाहिलं, नाकाशी नेलं. मग मान वर न करता म्हणाले, "हेम्या, हे सांबर मका खाते."

"जंगलात मका कुठून येणार, बाबूजी?"

"तेच तं म्हनतो मी."

त्यांनी बोट माझ्यापुढे धरलं. नखाच्या टोकाला पिवळसर, पातळ, पारदर्शक असं काहीतरी चिकटलं होतं. मक्याचं टरफल.

दहा पावलं मागे डेल उभा होता. ही सगळी जमीन त्याची. साठीचा, लालबुंद मानेचा, हळू बोलणारा माणूस. त्यानं विचारलं, "काय म्हणतायत?"

"ताजी आहे म्हणतात," मी इंग्रजीत सांगितलं. "तासाभरापूर्वीची."

डेलनं कौतुकानं मान हलवली. "त्यांना सांग, माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या लोकांना लेंडी आणि दगड यातला फरक कळत नाही."

"काय म्हनला?" बाबूजींनी विचारलं.

"म्हणतो, इकडे खाली शेतं आहेत. रात्री जनावरं मक्यात शिरतात."

बाबूजींनी बोट पँटला पुसलं. गुडघ्यावर हात रेटून उठले. क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि पुढे चालू लागले. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, डेलला मराठी येत नव्हती. दोघांच्या मधे मी होतो.

ही २००५ सालच्या सप्टेंबरअखेरची गोष्ट. आदल्या वर्षी आई गेली, आणि साकोलीजवळच्या आमच्या गावात बाबूजी एकटे पडले म्हणून मी त्यांना आयडाहोला घेऊन आलो होतो. बॉयसी शहरात मी एका कारखान्यात इंजिनियर होतो. मोठं घर होतं, मागे अंगण होतं, माझी बायको कुंदा त्यांचं सगळं मनापासून करत होती. पण बाबूजी दिवसभर खिडकीशी बसून असत. टीव्ही लावून दिला तर तो बघत, बंद केला तर बंद टीव्हीकडे बघत. चौऱ्याहत्तर वर्षांचा, रानावनात आयुष्य काढलेला माणूस गालिच्यावर मोजे घालून बसलेला मला बघवत नसे.

एका रविवारी आम्ही डोंगराकडे फिरायला गेलो होतो. परतताना रस्त्याकडेच्या कुरणात एल्कचा कळप दिसला. बाबूजींनी चालत्या गाडीत माझा दंड पकडला. "थांबव, थांबव." मी गाडी कडेला घेतली. ते उतरून अर्धा तास उभे राहिले. वाऱ्यानं डोळ्यांत पाणी येत होतं, ते पुसायचंही भान नव्हतं. "आपल्या सांबराचा मोठा भाऊ हाये हा," म्हणाले. घरी येईपर्यंत बोलत होते. आई गेल्यावर पहिल्यांदाच.

बाबूजी शिकारी होते. मालगुजारी, म्हणजे जमीनदारी, कधीच गेली होती, पण आमच्या गावचे मालगुजार परवाने काढून पाहुण्यांना शिकारीला आणायचे. जनावराचा माग काढणं, माणसं लावून ते हाकलत आणायचा हाका घालणं, पाहुण्याला नीट जागेवर बसवणं हे काम बाबूजींचं. पाहुण्यांकडून जनावर जखमी होऊन रानात शिरलं की त्याच्या मागे जाऊन ते संपवायचं, हेही त्यांचंच. मालगुजारांची रायफल त्यासाठी त्यांच्याकडे असे. फागोजी लांजेवारची, म्हणजे बाबूजींची, गोळी पोटात गेली, असं पंचक्रोशीत कोणी ऐकलं नव्हतं. छातीत किंवा मानेत. नेम बसत नसेल तर ते गोळी झाडतच नसत.

आणि त्यांचा एक हट्ट होता. हाक्याला माणसं लावताना एका बाजूला एक वाट ते मुद्दाम मोकळी ठेवायचे. नागपूरच्या कुण्या बड्या पाहुण्यानं एकदा तीही बंद करायला सांगितली, तर बाबूजी सगळे हाकारे उठवून घरी निघून आले. मालगुजार चिडले. बाबूजींनी एवढंच सांगितलं, "जनावराले निंगाले वाट नसन, तं ते शिकार नोहे मालक. कसाईखाना होय."

बहात्तर साली शिकारीवर बंदी आली, त्या दिवसापासून त्यांनी बंदुकीला हात लावला नाही. मी तेव्हा तेरा वर्षांचा होतो. त्याआधी दोन-तीन वर्षं मी रडून पडून मागं लागायचो, एकदा तरी मला न्या. त्यांनी कधीच नेलं नाही. "तुहा हात पेन धराचा हाये," म्हणायचे. गावातली माझ्या वयाची पोरं हाक्याला जाऊन येत आणि मला तिखटमीठ लावून सांगत. ज्याचा बाप शिकारी, तोच घरी.

त्या रविवारनंतर मी ठरवलं. इथे शिकारीला परवानगी असते. पण सरकारी जंगलातला एल्कचा परवाना सोडतीत निघतो, आणि निघाला तरी बर्फाळ डोंगरात आठ-आठ दिवस चढावं लागतं. बाबूजींचे गुडघे गेले होते. म्हणून खासगी रँच शोधलं. कुंदा म्हणाली, "त्यांना आधी विचारा तरी." मी म्हणालो, अचानक सांगण्यात मजा आहे. मी स्वतः तीन महिने शनिवारी नेमबाजीच्या मैदानावर जाऊन सराव केला. का केला, ते तेव्हा मला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

बाबूजींना सांगितलं तेव्हा ते घाबरल्यासारखे झाले. "बंदी नाई?"

"इकडे नाही. सगळं कायदेशीर आहे."

"जंगल हाये?"

"जंगल आहे, डोंगर आहे, नदी आहे."

त्यांनी मान खाली घातली, आणि मला दिसू नये अशा बेतानं हसले.

त्या सकाळी रँचवर पोचल्यावर डेलनं रायफल त्यांच्या हातात दिली आणि शंभर पावलांवर कागदाचं निशाण लावलं. तेहतीस वर्षांनी बंदूक हातात. बाबूजींनी दस्ता गालाला लावला, श्वास अर्धा सोडला, तीन गोळ्या झाडल्या. डेल कागद घेऊन आला. तिन्ही भोकं माझ्या तळहाताखाली झाकली जात होती. डेल मला म्हणाला, "तुझे वडील खरे शिकारी आहेत." हे मात्र मी जसंच्या तसं मराठीत सांगितलं.

मग पिकअपमधून आम्ही वर आलो आणि चालायला लागलो. ॲस्पेनची पानं पिवळीधमक झाली होती. बाबूजी पुढे, मी त्यांच्या मागे, डेल माझ्या मागे. बाबूजींची पाठ वाकली होती, पण पाऊल कसं पडत होतं! वाळल्या पानांवरून चालताना माझ्या बुटांचा आवाज होत होता, त्यांच्या होत नव्हता. एका झाडाशी थांबले. नरानं शिंगं घासून साल काढली होती. त्यांनी ओल्या लाकडावर तळवा ठेवला, वर पाहिलं, आपल्या डोक्याच्याही वर हातभर खूण होती. "बाप रे," म्हणाले. तो चेहरा मी त्यांच्या तरुणपणीच्या फोटोतही पाहिलेला नाही.

त्यानंतर ती लेंडी सापडली. आणि त्यांचं चालणं बदललं.

आता ते जनावराऐवजी जमीन शोधत होते. एका जागी थांबून म्हणाले, "हे ठसे पाय. चारीकडून येते अन् चारीकडं जाते. निंगून गेल्याचा माग एकबी नाई."

"राहत असेल इथेच."

"सांबर एका जागी रायत नाई, हेम्या. माजावर असलं तं मुळीच नाई."

तेवढ्यात तो आवाज आला. खर्जातून सुरू झाला, चढत चढत बासरीच्या टिपेला गेला आणि तिथेच काही क्षण थरथरत राहिला. शेवटी दोन-तीन घोगरे हुंकार. मी आधी टीव्हीवर ऐकला होता, पण छातीत ऐकला नव्हता. बाबूजी जागच्या जागी खाली बसले. हातानं मला बसवलं. सगळ्या शंका त्यांच्या चेहऱ्यावरून पुसल्या गेल्या होत्या.

नर झाडीतून बाहेर आला. ऐंशी पावलांवर असेल. मान काळपट, अंग सोनेरी, आणि शिंगं अशी की ती घेऊन तो मान कशी उचलतो याचंच नवल वाटावं. बाबूजींनी रायफल खांद्याला लावली. नर आडवा उभा होता, याहून चांगली संधी मिळत नाही. मी श्वास रोखला.

नरानं आमच्याकडे तोंड वळवलं. कान पुढे केले. आणि आमच्याकडे चालत यायला लागला.

बाबूजींनी डोळा दुर्बिणीवरून काढला. पुन्हा लावला. नर सत्तर पावलांवर आला, साठवर आला. वारा आमच्याकडून त्याच्याकडे वाहत होता. माणसाचा वास त्याला लागला नसेल असं शक्यच नव्हतं. मला त्याच्या डाव्या कानात एक भोक दिसलं. पैशाएवढं, गोल, बिल्ला अडकवायला पाडतात तसं, कडा जुन्या.

बाबूजींनी रायफल खाली घेतली.

"विचार त्याले," ते हळू म्हणाले. "हे कोनाचं हाये."

मी डेलकडे वळलो. "अजून नीट कोन मिळेपर्यंत थांबू का, विचारतायत."

"खुशाल थांबू दे," डेल म्हणाला. तो जमिनीकडे बघत होता. "तो कुठेही जात नाही."

"काय म्हनला?"

"म्हणतो, घाई करू नका."

बाबूजींनी माझ्याकडे पाहिलं. मग रायफलची सुरक्षेची कळ लावून ती गवतावर आडवी ठेवली. "मी नाई मारत."

"बाबूजी, अहो समोर उभा आहे!"

"म्हनूनच नाई मारत. चाल घरी."

"मी तुमच्यासाठी एवढं सगळं केलं…"

"मी कुठं मांगतलं होतं?"

डेल सगळं बघत होता. त्याला शब्द कळत नव्हते, पण बाकीचं कळत होतं. माझे कान गरम झाले. माझं वय शेहेचाळीस होतं, दोन मुलांचा बाप होतो, आणि त्या क्षणी मी अंगणात उभा राहून हाक्याला निघालेल्या बापाची पाठ पाहणारा पोरगा झालो होतो. मी वाकून रायफल उचलली.

"हेम्या, ठेव ते खाली."

मी कळ काढली.

"हेमराज!"

आवाज ऐकून नर थबकला आणि अर्धवट वळला. मी घोडा ओढला. खटकन नाही, सावकाश नाही, कसातरी ओढला. तीन महिने मैदानावर शिकलेलं काहीच हातात नव्हतं. धाडकन आवाज झाला, नराचं अंग मधोमध आखडलं, पाठीची कमान झाली आणि तो वाकल्या पाठीनं झाडीत शिरला.

फांद्या मोडल्याचा आवाज उताराकडे गेला.

"पोटात लागली," बाबूजी म्हणाले.

मी काहीतरी म्हणू लागलो. त्यांनी हात वर केला. "आता लगेच मांगं जाचं नाई. मांगं गेलं तं मरेपर्यंत पयते. दोन घंटे बसाचं. निजू द्याचं त्याले."

डेलनंही तेच सांगितलं, थांबायला हवं. पण मग थोडं घुटमळून म्हणाला, "मी गाडी घेऊन येतो. बादली घेऊन. गाडीचा आवाज ऐकला की तो येईल."

"काय म्हनला?"

"गाडी आणतो म्हणतो. मांस न्यायला."

डेल गेला. आम्ही दोघं एका आडव्या पडलेल्या ओंडक्यावर बसलो. बाबूजींनी रायफल माझ्याकडून घेतली नाही, ती माझ्याच मांडीवर होती. ऊन वर आलं. कुठेतरी खारीसारखं काही किटकिट करत होतं. घंटाभरानं त्यांनी पिशवीतून पाण्याची बाटली काढली, एक घोट घेतला, बाटली माझ्यापुढे धरली. "पानी पे," म्हणाले. त्या दोन घंट्यांत एवढंच.

मग उठले.

रक्त कमी होतं. मधून मधून एखादा थेंब, काळपट, त्यात हिरवा चोथा. बाबूजी वाकून, हात न लावता, पुढे जात होते. थेंब नसेल तिथे मोडलेलं गवत, दुमडलेलं पान. एका जागी नर बसून उठला होता, तिथे गवतावर ओला ठसा होता. त्याच्या कडेनं बाबूजी गेले, अंथरुणाच्या कडेनं जावं तसे. उतारावरून खाली, पाइनच्या दाट पट्ट्यातून, आणि पट्टा संपला तसे ते थांबले.

समोर कुंपण होतं.

दीड माणूस उंच, लोखंडी जाळीचं, डोंगरावर चढून पलीकडे उतरणारं. या बाजूनं जाळीला लागून एक वाट होती. गवत उगवत नव्हतं इतकी तुडवलेली. जाळीत जागोजाग केस अडकले होते, जुने आणि नवे. तारेपलीकडे मऊ मातीत खुरांचे ठसे होते, या बाजूच्या ठशांना सोबत करत गेलेले. बाबूजी ते वाकून बघत राहिले. "माद्या हायेत," म्हणाले. "ह्याचा आवाज ऐकून भाईरून येऊन गेल्या."

त्यांनी जाळीवर तळवा ठेवला. सकाळी झाडावर ठेवला होता तसाच.

"हे कुठपर्यंत जाते?"

"सगळीकडून आहे, बाबूजी."

"तुले ठाऊक होतं?"

"हो."

मला सगळं ठाऊक होतं. रँचच्या वेबसाइटवर नरांचे फोटो होते, प्रत्येकाखाली क्रमांक. मी कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत बसून ते पाहिले आणि सर्वांत मोठ्या शिंगांचा निवडला. डेल फोनवर म्हणाला होता, सहाशे एकर आहे, तुझ्या वडिलांना कुंपण दिसायचं नाही, त्या बाजूला मी नेणारच नाही. मी म्हणालो होतो, उत्तम.

मला वाटलं बाबूजी आता रागावतील. मला ते हवंही होतं. पण त्यांनी तळवा जाळीवरून काढला आणि नुसते केस सोडवून खाली टाकले, एक एक करून. जणू तेवढं काम तिथे करण्यासारखं होतं.

गाडीचा आवाज आला. कुंपणाकडेच्या वाटेनं डेलची पिकअप येत होती. तो उतरला, मागून एक पत्र्याची बादली काढली आणि हलवली. आत दाणे खडखडले.

तीस पावलांवरच्या झुडपात हालचाल झाली. नर तिथेच होता. आम्ही इतक्या जवळ असून त्यानं चाहूल लागू दिली नव्हती. तो पुढच्या पायांवर उठला, मागचे ओढत उभा राहिला. शिंगांत काटक्या अडकल्या होत्या. आमच्याकडे त्यानं पाहिलंही नाही. बादलीच्या आवाजाकडे तो निघाला, थांबत, झुकत, पुन्हा पाऊल टाकत, आणि डेलच्या पुढ्यात येऊन उभा राहिला. तोंड बादलीत घातलं. खात नव्हता. नुसतं तोंड आत ठेवून उभा होता.

डेलनं बादली दोन्ही हातांनी धरली होती. "पहिल्या हिवाळ्यात हा आमच्या स्वयंपाकघरात होता," तो मला म्हणाला. "आई मेली होती याची. माझी बायको याला बाटलीनं दूध पाजायची. तुझ्या वडिलांना सांगू नकोस."

बाबूजींनी काय म्हनला असं विचारलं नाही. ते माझ्याजवळ आले आणि हात पुढे केला. मी रायफल दिली.

"मी करतो, बाबूजी," मी म्हणालो. "चूक माझी आहे."

"तुह्यानं नाई होनार. अन् त्याच्यानंबी नाई."

ते नराच्या बाजूला गेले, अगदी हातभर अंतरावर. डेलनं त्यांच्याकडे पाहिलं. बाबूजींनी मान हलवली. डेलनं बादली थोडी वर उचलून तिरपी केली, म्हणजे नराची मान सरळ झाली. दोघांमधे एक शब्दही झाला नाही आणि मधे मी नव्हतो.

"खा बापा," बाबूजी नराला म्हणाले. "खा."

कानामागे नळी टेकवून त्यांनी घोडा ओढला.

डेल बादली घेऊन तसाच गुडघ्यांवर बसला. मका सगळीकडे सांडला होता. बाबूजींनी रायफल रिकामी करून गाडीच्या टपावर ठेवली, परत आले आणि नराच्या कपाळावर हात ठेवून राहिले. हात कापत होता. सकाळी निशाणावर तीन गोळ्या झाडताना तो कापला नव्हता.

थोड्या वेळानं म्हणाले, "विचार त्याले, ह्याचं नाव काय होतं."

मी विचारलं. नेमकं तेच विचारलं.

"टोबी," डेल म्हणाला.

"टोबी," मी सांगितलं. त्या दिवशी मी दोघांमधे खरं सांगितलेलं ते फक्त दुसरं वाक्य होतं.

शिंगं आम्ही आणली नाहीत. मांस आणलं, ते बाबूजींनी आणायला लावलं. "मारलं तं खाल्लं पायजे," एवढंच म्हणाले. आई गेल्यापासून त्यांनी मटण सोडलं होतं. तरी दीड महिना रोज दुपारी थोडं थोडं खात राहिले. कुंदा म्हणायची, नका खाऊ, तुम्हाला पचत नाही. ते मान हलवायचे आणि खायचे. मी त्यांच्या समोर बसून खायचो. मुलांना त्यांनी दिलं नाही.

नोव्हेंबरात म्हणाले, मले गावी पोचवून दे. मी थांबवलं नाही. विमानतळावर आत जाताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "गाडी हळू चालवत जा," म्हणाले. त्यानंतर पाच वर्षं दर रविवारी आम्ही फोनवर बोललो. पाऊस, धान, माझ्या थोरल्या बहिणीची, मैनाताईची गुडघेदुखी, माझ्या मुलांच्या शाळा. त्या दिवसाचं नाव त्यांनी काढलं नाही. मला अनेकदा काढावंसं वाटलं. पुढच्या रविवारी काढू, असं वाटायचं.

२०११ च्या मार्चमध्ये ते गेले. मी पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं.

तेरवीला गाव जेवायला होतं. जेवणं झाल्यावर आम्ही घरचे आणि दोन-चार जुनी माणसं मागून बसलो. बाबूजींसोबत हाके घालणाऱ्यांपैकी आता एकटे सुकाजी उरले होते, ऐंशीच्या पुढचे. मैनाताई वाढत होती. सुकाजी बाबूजींच्या गोष्टी सांगत होते. कुठल्या साली कोणत्या नाल्यात कोणत्या पाहुण्याचं जखमी जनावर बाबूजींनी एका गोळीत पाडलं. सगळे ऐकत होते.

"पन साऱ्या जन्मात एक चुकली," सुकाजी म्हणाले आणि माझ्याकडे बघून हसले. "तेबी तुह्याकडं, अमेरिकेत."

"काय चुकली?"

"बंदुकीची गोरी! तोच सांगे ना. ऐंशी पावलांवर सांबर उभं होतं म्हने, म्या पोटात मारली. हात हालला म्हने. पोरगा नोको नोको म्हनत होता, म्या आयकलं नाई." सुकाजींनी मांडीवर थाप मारली. "फागोजी लांजेवारची गोरी पोटात! आमी त्याले लय चिडवलो. गावातले पोट्टे तं त्याले पोटमाऱ्याच म्हनत. 'पोटमाऱ्या आला, पोटमाऱ्या आला.' हासे बिचारा. मुकाट हासे."

माझ्या पानात भात होता. मी त्याच्याकडे बघत राहिलो.

मैनाताई वाढता वाढता थांबली. "मले तं कधी खरं वाटलं नाई," ती म्हणाली. "बाबूजींचा हात हालनारच नाई. तू तं होता तिथं, हेमराज. खरंच का रे?"

सगळे माझ्याकडे बघत होते. सुकाजी, ताई, ताईची सून, दारात टेकून उभे असलेले शेजारी.

"हो," मी म्हणालो. "हात हलला."

"उमर होते बापा," सुकाजी म्हणाले, आणि त्यांनी समजुतीनं मान डोलावली. "उमर झाली का हालतेच."

ताईनं माझ्या पानात आणखी भात वाढला.